काळ्या चौकटीतली हरकत

कुझमान द्रेंकोव मास्तरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण दिसेल तो कागद वाचायचा आणि वाचता वाचता त्यातल्या चुका मोजायच्या, ही सवय काही निवृत्त झाली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की बसच्या तिकिटामागची जाहिरात, मास्तरांच्या खिशातलं लाल पेन आपोआप बाहेर यायचं. म्हणूनच नगरपालिकेच्या दारामागे, कोट अडकवायच्या खुंटीखाली लावलेला तो कागद साऱ्या गोर्नी ब्रोद गावात एकट्या मास्तरांनी वाचला.

कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून झाल्यावर मास्तरांचं लक्ष मजकुराकडे गेलं, आणि त्यांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. गावाच्या वरच्या अंगाला, ओसम नदीच्या वळणावर, कुठल्याशा कंपनीला खडीची खाण काढायची होती. मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता गावच्या वाचनालयात सुनावणी होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी स्वतः हजर राहून, स्वतःच्या हस्ताक्षरात ती लिहून द्यावी. आणि शेवटची ओळ अशी, की कोणीही हजर न राहिल्यास ग्रामस्थांची हरकत नाही असे समजण्यात येईल.

नदीचं ते वळण म्हणजे आजोबा.

खरं म्हणजे आजोबा हा एक दगड होता. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात पाय सोडून बसलेला म्हातारा दिसावा, असा मोठा करडा दगड. त्याच्याभोवती पांढऱ्या गोट्यांचा रुंद पट्टा होता, आणि त्या सगळ्या जागेलाच गाव आजोबा म्हणायचं. "पोरं कुठायत?" "आजोबांकडे." "कलिंगड कुठंय?" "आजोबांकडे, गार करायला ठेवलंय." मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यातला निम्मा तिथेच. मे महिना लागला की पुस्तकं मिटायची आणि वर्ग पाण्यात उतरायचा. नदी वळणाच्या आतल्या बाजूला गोटे का टाकते, बाहेरचा काठ का खाते, हे मुलं तळपायांनी शिकायची. शिवाय मास्तरांचा एक नियम होता, जो शिक्षण खात्याच्या कुठल्याही कागदात नव्हता. काठापासून आजोबांपर्यंत पोहत गेल्याशिवाय चौथीचा दाखला मिळायचा नाही. चौतीस वर्षांत एकाही पालकाने त्यावर तक्रार केली नव्हती, आणि चौतीस वर्षांत गावातलं एकही मूल नदीत बुडालं नव्हतं.

मास्तर तडक आतल्या खिडकीशी गेले. खिडकीत योतोवाबाई बसल्या होत्या. त्या शहराकडून बदलून आलेल्या, त्यामुळे मास्तरांच्या हाताखालून न गेलेल्या, आणि ते त्यांच्या वागण्यातही दिसायचं.

"हरकत घ्यायचीय," मास्तर म्हणाले.

"कशावर?"

"खाणीवर. नदीचं वळण जाणार आहे."

योतोवाबाईंनी नकाशा पसरला आणि बोट टेकवलं. "खाण इथे आहे. नदी इथे आहे. मध्ये तीनशे मीटर शेत आहे. तुमच्या नदीला धक्कासुद्धा लागत नाही."

"बाई, नदी तिथे सत्तावन सालापर्यंत होती. त्या वर्षी पूर आला आणि तिने पात्र बदललं."

"मग कळवायला हवं होतं."

"कोणी?"

"ज्याने बदललं त्याने," योतोवाबाई म्हणाल्या आणि नकाशाची गुंडाळी केली. "नकाशात जे नाहीच ते कोणी कसं नेईल, आणि तुम्ही त्यावर हरकत कशी घ्याल?"

जन्मभर पोरांना नकाशे वाचायला शिकवलेल्या माणसाला, तुमची नदी अस्तित्वातच नाही, असं तोंडावर ऐकून घ्यावं लागलं. मास्तर घरी आले ते टोपी न काढताच जेवायला बसले. त्यावरून त्यांच्या बायकोने, गिंकाबाईंनी, काय ते ओळखलं.

"एकट्याने जाऊन काय होणार?" त्या म्हणाल्या. "माणसं जमवा."

माणसं जमवण्याच्या बाबतीत सल्ला द्यायला कुंपणापलीकडे नायदेन होताच. नायदेन गावच्या पोस्टात होता. लोकांची पत्रं वाटता वाटता त्याला लोकांच्या अडचणींवरचे उपाय सुचत, आणि ते तो न विचारता सांगत असे. "मास्तर, तुम्ही कागद लावाल, पण वाचणार कोण? या गावात लोक वीजबंदीची नोटीस वाचत नाहीत, अंधार झाला की मग विचारतात. छापलेलं असं एकच काय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात."

"काय?"

"मेलेल्यांच्या चौकटी."

हे मात्र खरं होतं. गावात कोणी गेलं, की काळ्या चौकटीतला फोटोवाला कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर लागायचा. येता-जाता प्रत्येक जण थांबून तो वाचायचा, वय मोजायचा आणि आपल्या वयाशी ताडून बघायचा. नायदेनला विनोद करायचा नव्हता. त्याला एवढंच म्हणायचं होतं, की मास्तरांनी आपला कागद देश्काकडून छापून घ्यावा, कारण पंचक्रोशीत छपाईचं यंत्र तिच्याकडेच होतं. पण चौकटी छापणं हा तिचा मुख्य धंदा होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि आज आजोबांच्या जागी मोठा खड्डा असता.

मास्तरांनी मजकूर चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिला. "सर्वांना कळवण्यात येते की आपले आजोबा आपल्याला सोडून जाण्याच्या बेतात आहेत. त्यांच्यासाठी मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता, वाचनालयात सर्वांनी यावे. कुझमान द्रेंकोव, शिक्षक." सोबत एक जुना फोटो जोडला. चौऱ्याहत्तर सालचा, आजोबांच्या मांडीवर हात टेकून कमरेपर्यंत पाण्यात उभे असलेले चौतीस वर्षांचे मास्तर, केस ओले, तोंडभर हसू, आणि भोवती अकरा मुलं. दगड नीट दिसावा, एवढाच हेतू. देश्का कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मास्तरांनी लिफाफा ठेवला, तिने मान हलवली, मास्तर निघून आले.

शनिवारी सकाळी नायदेन डिंकाचा डबा घेऊन सायकलवर निघाला आणि त्याने तीन गावांत कागद चिकटवले. तो वाचत बसला नाही, कारण पोस्टातल्या माणसाने दुसऱ्याचं वाचू नये असा त्याचा नियम होता. तो त्याने आयुष्यात एकदाच पाळला, तो नेमका त्या दिवशी.

मास्तर पाव आणायला बाहेर पडले तेव्हा कोपऱ्यावरच्या अक्रोडाच्या झाडाजवळ सात-आठ बायका उभ्या होत्या. एकीने डोळ्याला पदर लावावा तसं रुमालाचं टोक लावलं होतं. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काळी चौकट. चौकटीत त्यांचं स्वतःचं डोकं. मानेपासून छानपैकी कापून घेतलेलं, ओले केस, तोंडभर हसू. आणि खाली लिहिलं होतं, "आपले आजोबा कुझमान द्रेंकोव शिक्षक आपल्याला सोडून गेले." मंगळवार, अकराची वेळ आणि वाचनालय, एवढं मात्र जसंच्या तसं होतं.

"कोण गेलं?" असं मास्तरांनी सवयीने विचारलं.

समोरच्या बाईने वळून पाहिलं आणि हातातली दुधाची बाटली सोडून दिली.

मास्तर देश्काच्या दुकानात पोहोचले तेव्हा त्यांच्या रागाची क्रमवारी लागलेली होती. "नावानंतर स्वल्पविराम कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अगंबाई, मास्तर! तुम्ही आहात?" देश्का म्हणाली. "पण मग गेलं कोण?"

"कोणी नाही! मी लिहिलं होतं, जाण्याच्या बेतात आहेत!"

"तेच तर! बेतात आहेत असं कोणी लिहितं का? मला वाटलं, गिंकाबाई दुःखात आहेत, हात थरथरला असेल, म्हणून मी सरळ करून घेतलं."

"आणि दगड? फोटोत दगड होता!"

"दगड कशाला ठेवू? माणूस किती छान आलाय!" देश्काने अभिमानाने सांगितलं. तीस वर्षांत तिने लग्नाच्या वरातीतून, सैन्याच्या तुकडीतून, फुटबॉलच्या संघातून डोकी अलगद सोडवून घेतली होती. अकरा ओल्या मुलांतून एक मास्तर काढणं हा तिच्या हातचा मळ होता.

मास्तर परत आले आणि झाडांवरचे कागद फाडू लागले. दुसऱ्याच झाडापाशी पाठीमागून एक म्हातारी ओरडली, "लाज नाही वाटत? गेलेल्या माणसाचा कागद फाडतोस? अरे, काय भला माणूस होता तो!" मास्तरांना मागे वळून बघायचा धीर झाला नाही. त्यांनी फाटलेला कोपरा थुंकी लावून परत चिकटवला.

घरी फोन सारखा वाजत होता. "मी कुझमान द्रेंकोव बोलतोय," मास्तर म्हणत. पलीकडचा रडवेल्या आवाजात म्हणे, "आवाज अगदी त्यांच्यासारखा आहे हो. तुम्ही धाकटे भाऊ का?" मास्तर जिवंत आहेत हे गावात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, आणि थोडी निराशाही झाली, कारण तीन घरांत गहू भिजत घातलेले होते. मेलेल्यासाठी साखर-अक्रोड घालून शिजवतात ते गहू. पण त्याआधीच गावातल्या आयांनी दूरदूरच्या आपल्या पोरांना फोन केले होते. मास्तर गेले, ही बातमी तासाभरात राजधानीपासून समुद्रकाठापर्यंत पोहोचली. मास्तर गेले नाहीत, ही बातमी मात्र अक्रोडाच्या झाडापुढे सरकली नाही. असल्या बातमीसाठी कोण फोन करतं?

"एकेकाला कळवायला हवं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा फोनकडे वळले.

गिंकाबाईंनी फोनवर हात ठेवला. "कधी येतायत ती सगळी?"

"मंगळवारी."

"किती वाजता?"

"अकरा." मास्तर बायकोचा बेत ओळखून चपापले. मग म्हणाले, "नाही, गिंका. चौतीस वर्षं मी त्या पोरांना सांगितलं, खोटं बोलू नका."

"कोण बोलतंय खोटं? तुम्ही जिवंत आहात का, असं कोणी विचारलं, तर हो म्हणा. न विचारता सांगत फिरायला तुम्ही काय नायदेन आहात?" त्यांनी फोनची वायर काढून उशीखाली ठेवली. "मला त्या दगडावरून पाण्यात कोणी ढकललं होतं, आठवतंय? आणि मग काढायला कोणी उडी मारली होती? तो दगड मी खडी करायला देणार नाही."

मंगळवारी अकराला पाच मिनिटं असताना सुनावणीचे अधिकारी जिल्ह्याहून आले. सर्दी झालेले, बारीकसे गृहस्थ. बरोबर कंपनीचा इंजिनिअर, नकाशांची गुंडाळी काखेत. दोघांचा अंदाज होता की रिकाम्या खुर्च्यांसमोर सही करून साडेअकराला जेवायला निघता येईल. दार उघडलं तर आत मुंगीला शिरायला वाव नव्हता. काळ्या कपड्यांतली माणसं, प्रत्येकाच्या हातात फुलं, खिडकीत गव्हाच्या पाच थाळ्या. अधिकाऱ्यांनी नकळत टोपी काढली आणि शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण होते?"

"आमचे मास्तर," तो म्हणाला. हा स्पास. अंगाने ट्रकएवढा आणि ट्रकच चालवणारा. रात्रभर गाडी हाकत आलेला. डोळे लाल.

तेवढ्यात बाजूच्या दारातून मास्तर आत आले. एका हातात पत्र्याची बादली, दुसऱ्या हातात पाण्याचा घडा. सभागृहात एक मोठा श्वास आत घेतला गेला, आणि तो बाहेर सोडायला कोणालाच सुचेना.

"मास्तर!" स्पास उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग तो लालबुंद झाला. "मी दोन दिवसांची रजा टाकून आलोय, मास्तर! मालकाला सांगितलं, माझे गुरुजी गेले! मालक रडला!"

"गेलो नाही. बस."

स्पास बसला. पंचवीस वर्षं झाली होती, पण गुडघ्यांना तो आवाज ठाऊक होता.

"माझ्यावर नंतर चिडा," मास्तर म्हणाले. "चूक झाली आणि मी ती दुरुस्त केली नाही. माझ्या हातून असं पहिल्यांदाच घडलंय. पण कागदावर आजोबा लिहिलं होतं, ते खरं होतं. आजोबाच चाललेत." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

इंजिनिअरने नकाशा भिंतीवर लावला. "भावना समजू शकतो," तो म्हणाला, "पण नदी इथून तीनशे मीटरवर आहे. ही जागा कोरडं शेत आहे."

मास्तरांनी नकाशा नीट पाहून घेतला आणि वर्गाकडे तोंड केलं. "या शेतात कोण कोण पोहलंय?"

एकेक करत सगळे हात वर गेले. गव्हाच्या थाळ्यांपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं, हात पाहिले, नकाशा पाहिला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण हरकतीला कारण लागतं. वाईट वाटतं, आठवणी आहेत, हे कारण धरता येत नाही."

"कारण आणलंय," मास्तर म्हणाले आणि बादली टेबलावर ठेवली. ती आजोबांजवळच्या गोट्यांनी काठोकाठ भरलेली होती. "बादली भरलेली की रिकामी?"

"भरलेली!" वर्गाने एका सुरात उत्तर दिलं. हा धडा सगळ्यांचा झालेला होता आणि पुढे काय होणार हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी सगळे माना उंच करून बघू लागले. मास्तरांनी घडा तिरका केला. पाणी गोट्यांत शिरलं, दिसेनासं झालं, आणखी शिरलं. अधिकारीही खुर्चीतून अर्धे उठले. घडा संपला तरी बादलीतून एक थेंब सांडला नव्हता.

"हे पाणी कुठे गेलं?"

"विहिरीत!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बरोबर. नदी आपलं पाणी या गोट्यांच्या पोटात ठेवते आणि उन्हाळाभर आपल्या विहिरींना पाजते. गोटे नेले की पाणी ठेवायला जागा उरत नाही. आता कागद घ्या. प्रत्येकाने आपल्या घरच्या विहिरीबद्दल लिहायचं. किती हात खोल, उन्हाळ्यात किती पाणी. शेजाऱ्याचं बघून लिहायचं नाही."

पंधरा मिनिटं नुसती पेनांची कुरकुर ऐकू येत होती. मास्तर हात पाठीमागे बांधून रांगांमधून फिरत होते. पुढच्या बाकावर टक्कल पडलेला बँकेचा मॅनेजर जीभ बाहेर काढून लिहीत होता. तिसऱ्या रांगेतली डॉक्टरीणबाई कागद हाताने झाकून घेत होती, तशीच जशी दुसरीत घ्यायची. मास्तर स्पासपाशी थांबले.

"विहीर. ही दीर्घ."

"मास्तर, इथेसुद्धा?"

"इथेच तर. सरकारी कागद आहे."

कागद गोळा झाल्यावर अधिकारी म्हणाले, "आता हजेरी. माणसं मोजावी लागतील." पण ते कठीण होतं, कारण कोणी खुर्चीत नव्हतं, सगळे मास्तरांभोवती जमले होते आणि हातातल्या फुलांचं काय करावं ते कळत नव्हतं. मेलेल्याला न्यायची म्हणून सगळ्यांनी रीतीप्रमाणे सम संख्येत फुलं आणली होती, कोणी दोन, कोणी चार, कोणी सहा. जिवंत माणसाच्या हातात सम फुलं द्यायची म्हणजे त्याचं मरण चिंतायचं.

डॉक्टरीणबाईने आपल्या चार फुलांतलं एक काढून टेबलावर ठेवलं आणि उरलेली तीन मास्तरांना दिली. "ही चालतील," ती म्हणाली. मग मागच्याने तसंच केलं. मग सगळ्यांनीच. मास्तरांचे हात भरून गेले, ते गिंकाबाईंकडे देत गेले. अधिकाऱ्यांसमोर एकेकट्या फुलांचा ढीग झाला. त्यांनी ती फुलं दोनदा मोजली आणि वहीत लिहिलं, हजर त्रेसष्ट.

पुढे कागद आपल्या चालीने चालले. आणि चाळिसाव्या दिवशी सकाळी गावात पुन्हा काळ्या चौकटी लागल्या. मेलेल्याच्या आठवणीचा हा चाळिसाव्याचा कागद देश्का आपण होऊन छापायची, तो तिचा रिवाजच होता, आणि मास्तरांचं नाव यादीतून काढायचं ती विसरली होती. स्वल्पविराम मात्र आठवणीने घातला होता.

त्याच दिवशी नायदेन जिल्ह्याचं पत्र घेऊन आला. या वेळी त्याने ते वाटेतच वाचलं होतं. "मास्तर, परवानगी नाकारली! विहिरींच्या कारणाने! आणि नकाशा बदलणार आहेत. नदी आपल्या जागी येणार. शिवाय बघा, जागेचं नावसुद्धा लिहिलंय."

मास्तरांनी पाहिलं. नकाशाच्या प्रतीवर, वळणाच्या पोटात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "अजोबा". त्यांनी लाल पेन काढून काना दिला आणि मग कितीतरी वेळ त्या कागदावरून हात फिरवत बसले.

दुपारी सगळं गाव गव्हाच्या थाळ्या घेऊन नदीवर गेलं. चौकट लागली म्हणजे गहू करायचे, त्याला काय इलाज? शाळेत उरलेली सात मुलं पाण्यात होती. सगळ्यात धाकटी काठावर कुडकुडत उभी होती, आणि मास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिला सांगत होते, "आजोबांकडे बघ. पाण्याकडे बघू नकोस. ते कुठे जात नाहीत."

तेवढ्यात रस्त्यावर ट्रक थांबला आणि स्पास उतारावरून धापा टाकत आला. त्याच्या हातात फुलं होती.

"किती आणलीस?" मास्तरांनी विचारलं.

स्पासने मोजली. त्याचा चेहरा उतरला. "चार."

"चार कोणाला नेतात?"

"मेलेल्याला." स्पास नदीकडे वळला. मग बुटांसकट पाण्यात शिरला, आजोबांपर्यंत गेला, एक फूल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ओल्या विजारीने परत येऊन उरलेली मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी मोजली. तीन होती. स्पासची वजाबाकी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बरोबर आली होती.